परत न आलेल्यांची हांक

परभणीहून वसमतकडे जातांना वाटेंत हट्टा नांवाचें गांव लागतें. आज तें हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. माझ्या लहानपणीं तें परभणी जिल्ह्यांत होतें. आज आपल्यापुढें जी हकीकत ठेवावयाची आहे ती त्या गांवांतील एका बारवेपाशीं सुरू होते. तिचा उलगडा मात्र मला पुष्कळ वर्षांनंतर, पानिपतचा इतिहास वाचीत असतां झाला.

मी त्या वेळीं चौदा वर्षांचा असेन. अवसेच्या रात्रीं बारवेंत कोणी तरी हांक मारतें, असा आम्हां मुलांत बोलबाला होता. ती हांक एका बेपत्ता झालेल्या मुलाची आहे, असें मुलें सांगत. हा मुलगा म्हणजे माझ्या आजीचा धाकटा भाऊ. १९४८ सालच्या उन्हाळ्यांत, हैद्राबाद संस्थानांत धामधूम चालू असतां, सरहद्दीपलीकडील स्वयंसेवकांच्या शिबिरांत जातों असें सांगून त्यानें घर सोडलें. तेव्हां त्याचें वय सोळा वर्षांचें होतें. सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. बाहेर गेलेले लोक एकेक करून परत आले. हा आला नाहीं. त्याचें पत्र आलें नाहीं, निरोप आला नाहीं, कीं मेल्याची खबरही आली नाहीं.

त्यामुळें आमच्या घरीं त्याचें श्राद्ध होत नसे आणि त्याच्याविषयीं कोणी बोलतही नसे. विषय निघाला कीं वडील माणसें उठून कामाला लागत. घरानें जें सांगितलें नाहीं तें गांवच्या मुलांनीं आपल्या कल्पनेनें भरून काढलें.

एका अवसेला आम्ही तिघे मित्र पहांटेच्या अंधारांत बारवेच्या कांठावर जाऊन बसलों. बराच वेळ कांहींच घडलें नाहीं. मग खरोखरच हांक ऐकूं आली, आणि क्षणभरानें तीच हांक खालून, पाण्याच्या बाजूनें, पुन्हां उमटली. माझे दोघे सोबती पळत सुटले. मला मात्र पळवेना, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. खालच्या पायऱ्यांवर एक पणती तेवत होती, आणि तिच्याजवळ माझी आजी उभी राहून आपल्या भावाला त्याच्या लाडक्या नांवानें हांक मारीत होती. खालून येत होता तो दगडी भिंतींचा प्रतिध्वनि. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललों नाहीं. मित्रांची समजूत भुतावरच कायम राहिली.

पुढें मराठ्यांचा इतिहास वाचतांना ती पहांट मला पुन्हां आठवली. फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीर येथें निजामाचा पराभव केल्यानंतर सदाशिवरावभाऊ परतुरास आले, आणि मार्च महिन्यांत तेथूनच त्यांची फौज उत्तरेकडे निघाली. परतूर आमच्या हट्ट्यापासून थोड्याच मजलांवर आहे. पानिपतचा मार्ग असा आमच्या मराठवाड्यांतून सुरू होतो, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं काय झालें तें आपण सर्व जाणतां. अठरा वर्षांचे विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व लढाईच्या गर्दींत शिरले. पुढें ते कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. विशीही न गाठलेला जनकोजी शिंदे जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला, आणि त्याला गुप्तपणें ठार करण्यांत आलें. विश्वासरावांचें प्रेत मिळालें व त्याला अग्निही मिळाला. भाऊंच्या बाबतींत मात्र शंका उरली. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें शिर नसलेलें एक धड भाऊंचें म्हणून ओळखलें गेल्याची हकीकत लिहून ठेविली आहे. परंतु मुखच न दिसल्यावर शेंकडों कोसांवरील आप्तांची खात्री व्हावी कशी? स्वारींत बरोबर असलेल्या पार्वतीबाई जिवंत परत आल्या. त्यांनीं वैधव्य पत्करिलें नाहीं. हरियाणांत रोहतकजवळच्या सांघी गांवीं तर भाऊ तेथें येऊन साधुवृत्तीनें राहिले, अशी आख्यायिका आजही सांगतात.

अशा वेळीं बेपत्ता माणूस परत येतोच; तो भूत होऊन येतो, नाहीं तर तोतया होऊन येतो. सुखलाल नांवाचा एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांनीं १७६५ च्या सुमारास त्याची पुण्यास चौकशी करविली, आणि तो तोतया ठरला. त्याला निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेंत ठेवण्यांत आलें. एवढ्यावर हें प्रकरण संपावयास हवें होतें.

परंतु तें संपलें नाहीं. १७७६ मध्यें हा इसम रत्नागिरीच्या किल्ल्यांतून बाहेर पडला आणि पाहतां पाहतां त्याच्याभोंवतीं हजारों माणसें जमलीं. कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि बोरघाटापर्यंत त्याची मजल पोंचली. चौकशींत खोटा ठरलेल्या माणसावर लोकांनीं पुन्हां विश्वास कां ठेवावा? त्या वेळची स्थिति पाहिली म्हणजे कारण कळतें. १७७३ मध्यें अठरा वर्षांच्या नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला होता. गादीवर दोन वर्षांचें मूल होतें, आणि घरांत भाऊबंदकी माजली होती. कोणी तरी कर्ता पुरुष परत यावा ही लोकांची गरज होती, आणि परत येण्याजोगा पुरुष एकच होता, कारण तो मेल्याचें कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं बंड मोडलें. समुद्रमार्गें पळालेल्या तोतयाला आंग्र्यांनीं पकडून पुणेंकरांच्या स्वाधीन केलें, आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्याला देहान्त शासन झालें. न. चिं. केळकर यांनीं या प्रकरणावर ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें, तें आपल्यापैकीं अनेकांना माहीत असेल.

या हकीकतींतून मला एक गोष्ट दिसते. चौकशीनें तोतया उघडा पडतो, पण वाट पाहणें थांबत नाहीं. न्यायाधीशाचा प्रश्न ‘हा माणूस खरा कीं खोटा’ एवढाच असतो. घरच्या माणसाचा प्रश्न निराळा असतो: मीं त्याची वाट पाहणें सोडलें तर तें त्याला टाकून देण्यासारखें होईल काय?

आपल्या पूर्वजांना हें समजलें होतें असें वाटतें. बारा वर्षें शोध लागला नाहीं तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नि द्यावा, असा पालाशविधि धर्मशास्त्रांत सांगितला आहे. कायद्यानें मुदत कमी केली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें, ज्यांना खबर कळावयास हवी त्यांना सात वर्षें कांहींच कळलें नाहीं तर मनुष्य मृत झाला असें धरण्याची सोय केली, आणि २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानेंही ती कायम ठेविली. बारा काय नि सात काय, दोन्ही मुदती वारसा, विवाह, दानधर्म इत्यादि व्यवहार अडून राहूं नयेत म्हणून उपयोगी आहेत. परंतु मनाला मुदत घालून देतां येत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलें एखाद्या वाड्याची किंवा विहिरीची भुताटकी रंगवून सांगूं लागलीं, तर त्यांना एकदम दटावूं नका, आणि त्यांच्या भीतींत भरही घालूं नका. त्या जागीं कोण नाहींसें झालें, केव्हां झालें आणि त्याची वाट कोण पाहत होतें, एवढें त्यांना विचारावयास सांगा. पुष्कळ भुतांच्या मुळाशीं एखादें न विचारलेलें दुःख सांपडेल.

मला स्वतःला हें विचारावयास फार वर्षें लागलीं. नोकरीनिमित्त गांव सोडल्यावर एकदां सुटीवर गेलों असतां मीं आजीला विचारलें, “आजी, तुझा भाऊ कसा होता ग?” ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग सांगूं लागली. त्याला भाकरीचा पापुद्रा तेवढा आवडे. तो डाव्या हातानें गोफण फिरवी. जातांना त्यानें तिच्याजवळून सव्वा रुपया मागून नेला होता. रात्रीं उशिरापर्यंत ती बोलत होती. इतक्या वर्षांत तिला त्याच्याविषयीं कोणीं विचारलेंच नव्हतें.

पालाशविधीची गोष्ट मीं काढली, ती तिनें मानली नाहीं. पुढच्या अवसेला पहांटे तिनें पणती भरली आणि मला उठविलें. “चल, आज तूं बी चल,” म्हणाली. आम्ही दोघें बारवेच्या पायऱ्या उतरून गेलों. तिनें हांक मारली. मग मींही मारली.