एका मनोऱ्याचे महामंदिर
(धर्मग्राम-महोत्सवप्रसंगी येडशी येथे केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त आपल्या मंदिरालाही घंटेचा मनोरा असावा, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांनी आमच्यापाशी व्यक्त केली. ती ऐकताच आम्हांस जुन्या गोव्यातील से महामंदिराचे स्मरण झाले.

दि. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, आल्बुकर्कने गोवे जिंकले. म्हणून हे महामंदिर त्या रक्तसाक्षिणीच्या नावे आहे. विद्यमान इमारतीचा आरंभ १५६२ साली झाला आणि मुख्य बांधकाम १६१९ साली पुरे झाले. म्हणजे ५७ वर्षे! पाया घालणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते छप्पर पाहिलेच नसेल. वेद्यांचे काम तर १६५२ पर्यंत चालू होते.

लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट. भिंती आपल्या बालाघाटी काळ्या पाषाणाच्या नव्हेत, तर तांबड्या जांभ्याच्या. हा दगड खाणीतून निघताना मऊ, वाऱ्यावर कठीण होणारा, परंतु तिकडील पावसात उघडा राहिल्यास झिजणारा. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. बाह्यांग साध्या टस्कन धाटणीचे, आत मात्र कोरिंथियन थाट. मुख्य वेदीमागील सोनेरी मखरात कॅथरीनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. बाहेरचा तो संयम आम्हांस आतील सोन्याहूनही अधिक भावतो.

दर्शनी भागास मूळचे दोन मनोरे होते. उत्तरेकडील मनोरा १७७६ साली ढासळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. दक्षिणेकडील मनोऱ्यात सुप्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे. हे नाव तिला तिच्या नादामुळे मिळाले. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या मध्ययुगीन महामंदिराची गोष्ट याहून विलक्षण. तेथे दुसरा मनोरा पुरा झालाच नाही; १४३९ साली पूर्ण झालेला पहिला मात्र एकटाच सुमारे १४२ मीटर उंच उभा आहे. या दोहोंस कोणी अपुरे म्हणून हिणविल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या वेदीवर पाणी ठिबकले आणि ऐन मिस्सेत आम्हांस स्वहस्ते घमेले ठेवावे लागले, हे आपण पाहिलेच आहे. महोत्सवनिधी प्रथम छपराकडे जावा. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर अवश्य थांबावे; त्यांचे म्हणणे आम्ही ऐकू. तूर्त घंटा अंगणातील कडुनिंबालाच राहील.