उत्तर न देण्याचे शिक्षण

(मढ, ता. जुन्नर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



‘एक्झिक्युटिव्ह कोच’ हा शब्द माळशेज घाटाजवळच्या या गावात उच्चारला, म्हणजे तो मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचा वाटणे स्वाभाविक आहे. कोच म्हटले की आपणांस आगगाडीचा डबा तरी आठवतो, नाही तर क्रिकेटचा प्रशिक्षक. हा दुसरा अर्थ आपल्या उपयोगाचा आहे. रमाकांत आचरेकर सर सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे. सचिन नाबाद राहिला तर त्याचे. सर स्वतः त्याच्या जागी बॅट घेऊन उभे राहत नसत. जबाबदारीच्या पदावरील व्यक्तीला विचार करण्यास साह्य करणारा, परंतु तिचा निर्णय स्वतः न घेणारा, तो एक्झिक्युटिव्ह कोच होय.

हे काम शिकावे लागते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्या तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिलीसाठी किमान ६० तासांचे शिक्षण, अनुभवी कोचचे १० तासांचे मार्गदर्शन आणि प्रत्यक्ष कामाचे १०० तास लागतात. दुसरीसाठी शिक्षण १२५ तास, तर काम ५०० तास. सर्वोच्च पायरीसाठी शिक्षण २०० तास, पण काम तब्बल २,५०० तास! वर्गातील शिक्षण तिपटीहून थोडे वाढते. सराव मात्र पंचवीसपट होतो.

एवढा सराव कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर मला माझ्याच एका चुकीतून मिळाले.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या नवनिर्वाचित सरपंच ताईंना पहिल्या ग्रामसभेची धास्ती वाटत होती. माहिती देणे हा तर माझा व्यवसाय. मी त्यांना चार पानांचे भाषण लिहून दिले. त्यांनी ते नीट वाचले. मग मागून कोणीतरी पाण्याच्या टाकीबद्दल विचारले. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी उठून उत्तर दिले. टाळ्या पडल्या, त्या मला. सरपंचपद मात्र त्यांचे होते. त्यानंतर गावाने त्यांना प्रश्न विचारणेच सोडले. लोक त्यांच्या यजमानांकडे जाऊ लागले. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. खुर्ची कायद्याने मिळते. तिच्यावरील आवाज माझ्यासारखा हितचिंतकच काढून घेतो.

पुढे मी कोचिंगच्या एका वर्गास बसलो. पहिला पाठ साधा होता. समोरच्याची अडचण वीस मिनिटे ऐकावयाची, प्रश्न विचारावयाचे, सल्ला द्यावयाचा नाही. तिसऱ्याच मिनिटाला माझा सल्ला बाहेर पडला! त्या दिवशी मला त्या ताई आठवल्या. ‘पाण्याबद्दल कोण काय विचारील, असे आपणांस वाटते? त्यावर आपण काय म्हणाल?’ एवढे दोन प्रश्न मी आदल्या दिवशी त्यांना विचारले असते, तर त्या टाकीबद्दल माझ्याहून अधिक सांगू शकल्या असत्या. पाणी त्याच भरत होत्या.

या शिक्षणाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शासन निर्णय काय म्हणतो, हे सरळ सांगावे. तेथे प्रश्नांचा खेळ नको. निधीच नसेल, तर प्रश्नांनी नळाला पाणी येत नाही. मनाचा आजार असल्यास डॉक्टरांकडेच पाठवावे. आणि कोचजवळ बोललेले बाहेर जाता कामा नये. म्हणूनच जो वरिष्ठ आपला गोपनीय अहवाल लिहितो, त्याला आपला खरा कोच होणे अवघड असते. त्याच्यापुढे चूक कबूल करावयास कोण धजेल?

अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आपल्या राज्याची परंपरा जुनी आहे. १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था १९८४ मध्ये पुण्यास आली आणि पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने ‘यशदा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रशिक्षणातून नियम कळतात, योजना कळतात. परंतु गावी परतल्यावर, प्रत्यक्ष खुर्चीत बसल्यावर, सोबत कोण? केंद्रप्रमुख नव्या शिक्षकाची, अनुभवी सरपंच नव्या सरपंचाची ही सोबत करू शकतो. त्यासाठी प्रमाणपत्र हवेच असे नाही. मात्र हा व्यवसाय म्हणून ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी ते तास भरलेच पाहिजेत.

मित्रहो, एकच विनंती करून मी आपली रजा घेतो. पुढच्या आठवड्यात कोणी अडचण घेऊन आपल्याकडे आले, तर उत्तर ओठांवर असतानाही एक प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत अंक मोजा. ती शांतता जड वाटेल. मला अजूनही वाटते. परंतु त्या दहा अंकांत समोरची व्यक्ती स्वतःच्या पायांवर उभी राहत असते.