टेकून चालवायची सायकल आणि पंढरपूरची वाट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमातील भाषण)



समितीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. मी विनंती करून तो बदलून घेतला. बँकेत ३४ वर्षे लोकांना मुदत ठेवी समजावून सांगितल्या, आता तुमची सुटका करतो. शिवाय गेले सहा महिने लिफ्टमध्ये, दूध केंद्रावर, गणपतीच्या मांडवात तुम्ही मला तेच तीन प्रश्न विचारताय. हे वाहन तरी कोणतं? या वयात हे कशाला? आणि रस्त्यावर भीती वाटत नाही का? तिन्हींची उत्तरे आज माईकवरून देतो, म्हणजे लिफ्ट अडून राहणार नाही.

पहिला प्रश्न वाहनाचा. ‘बी’ विंगच्या मुलांनी तिचं नाव ‘आरामखुर्ची’ ठेवलंय, आणि ते काही चुकीचं नाही. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. नेहमीच्या सायकलवर आपण वाकून बसतो, भार मनगटांवर आणि सीटवर येतो. हिच्यात पाठ टेकून बसायचं, पाय पुढे लांब करायचे आणि पेडल समोर मारायचं. माझी तीन चाकांची आहे, पुढे दोन आणि मागे एक, त्यामुळे तोल सांभाळावा लागत नाही. माझा भाचा परदेशातून परतताना ती घेऊन आला होता. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती गॅलरी अडवून बसली होती, म्हणून ती मामाकडे आली.

ही काही नवी चूष नाही बरं का. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या माणसाने १९३० च्या सुमारास अशा सायकली बनवल्या. १९३३ साली फ्रान्सिस फोर या सायकलपटूने त्याच्या सायकलवर पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा ४४.२४७ चा विक्रम १९१४ पासून टिकून होता. टेकून बसल्यामुळे वारा कमी अडतो, हे त्याचं कारण. पण जागतिक सायकल संघटनेने १९३४ साली ठरवलं, की असली सायकल शर्यतीत चालणार नाही. शर्यतीत नाही म्हणून कारखान्यात नाही, आणि कारखान्यात नाही म्हणून दुकानात नाही. नव्वद वर्षं झाली, आपल्याकडे अजून लोक थांबून बघतात.

मला ती लागली मानेमुळे. मानेच्या मणक्यांची झीज आणि हाताला मुंग्या. डॉक्टरांनी हँडलवर वाकणं बंद करायला सांगितलं. व्यायाम बंद करा असं मात्र ते म्हणाले नाहीत. आधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट केली, मग परवानगी मिळाली. ज्येष्ठांनी हा क्रम उलटा करू नये.

आता दुसरा प्रश्न, या वयात कशाला? तर येत्या कार्तिकीला आम्ही बारा जण सायकलवर पंढरपूरला निघणार आहोत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांतून सायकलवारी निघते, त्यातलीच ही आमची छोटी दिंडी. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, दिवस चार. एक्सप्रेस वेवर सायकलला बंदी आहे, म्हणून जुन्या हायवेने जायचं. पहिल्या दिवशी पनवेल, खोपोली, बोरघाट चढून लोणावळा. दुसऱ्या दिवशी पुणे ओलांडून यवत. तिसऱ्या दिवशी भिगवणवरून इंदापूर. चौथ्या दिवशी टेंभुर्णी आणि पंढरपूर. ग्रुपमध्ये आपल्या सोसायटीचे चार जण आहेत. सर्वांत धाकटी १९ वर्षांची, आणि सर्वांत थोरला ७३ वर्षांचा तुमच्यासमोर उभा आहे.

तयारी पाडव्याला सुरू केली. इथे बँक कामाला आली. सराव वाढवण्याचा एक साधा ठोकताळा आहे, की आठवड्याचं एकूण अंतर एका वेळी साधारण दहा टक्क्यांच्या वर वाढवू नये. म्हणजे आपलं चक्रवाढ व्याज! पहिल्या आठवड्यात मी ३० किलोमीटर चालवली. ३० वर दहा टक्के चक्रवाढ लावत गेलात, तर १७ वाढींनंतर दीडशेच्या वर आकडा जातो. दर तीन वाढींनंतर एक आठवडा हलका ठेवायचा, कारण ताकद विश्रांतीत मुरते. पावसाळ्यात काही आठवडे घरात, मागचं चाक स्टँडवर चढवून, मिनिटं मोजत पेडल मारलं. तिथे शिल्लक जैसे थे राहिली, पण घटली नाही. सध्या आठवड्याला दीडशे किलोमीटर होतात. त्यात शनिवारी ५० आणि रविवारी पुन्हा ५० असे लागोपाठचे दोन दिवस महत्त्वाचे. लांबच्या प्रवासात कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसताना.

वेग किती ठेवायचा, हे शेजारच्याशी बोलून ठरतं. पेडल मारताना एक पूर्ण वाक्य दम न लागता बोलता आलं, की वेग बरोबर. तुटक तुटक शब्द येऊ लागले, की गिअर हलका करायचा. आमची सौ. म्हणते, मग तुमचा वेग कधीच चुकणार नाही.

या सायकलचा चढ मात्र वेगळा आहे. साध्या सायकलवर चढ आला की माणूस उभा राहून अंगाचा भार पेडलवर टाकतो. इथे उभं राहता येत नाही. सगळं काम मांड्यांनी आणि हलक्या गिअरने करायचं. बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर सुरुवातीला मला पायी फिरणारे मागे टाकून जात. आता ते बरोबर चालतात. पण तीन चाकांचा एक मोठा फायदा आहे. दम लागला की चढावरच थांबा, ब्रेक लॉक करा, पाणी प्या, पुन्हा निघा. पडायची भीती नाही. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाकडचा चढ मी असाच, थांबत थांबत चढणार आहे. इंग्रजांना घाटाची वाट ज्याने दाखवली असं सांगतात, त्या धनगराचं ते देऊळ. तिथे थांबायला निमित्तही आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. पाय पेडलला पट्ट्याने बांधलेले असावे लागतात. चालू सायकलवरून पाय सुटून जमिनीला लागला तर तो सीटखाली ओढला जातो आणि हाड मोडू शकतं. दुसरं म्हणजे स्पीडब्रेकर. सायकल जमिनीलगत असल्यामुळे त्यावरून अगदी हळू जावं लागतं, आणि आपल्या नोडमध्ये स्पीडब्रेकर किती, हे मी आता नकाशा न बघता सांगू शकतो.

खाण्याचं म्हणाल तर निघताना पोहे, खिशात चिक्की आणि केळं, बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. तहान लागायच्या आधी घोट घ्यायचा.

आता तिसरा प्रश्न. हा तुम्ही हळू आवाजात विचारता, म्हणून मी तो मोठ्याने घेतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे पाम बीच रोडवर सायकल चालवणाऱ्या अवतार सैनी यांना भरधाव टॅक्सीने मागून धडक दिली आणि त्यात ते गेले. वय ६८. इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख. आपल्या घरातल्या जुन्या संगणकांत ज्या चिपा होत्या, त्या घडवणाऱ्यांपैकी एक. ते नवखे नव्हते, आणि एकटेही नव्हते, सोबत इतर सायकलस्वार होते. तेव्हा ‘आम्ही ग्रुपने जातो, आम्हाला काही होत नाही’ असं मी इथे म्हणणार नाही. भीती वाटते. माझ्यापेक्षा घरच्यांना जास्त वाटते. म्हणून त्या भीतीला आम्ही कामाला लावलं आणि नियम लिहून काढले.

पहिला नियम, उजाडल्याशिवाय निघायचं नाही. एप्रिल-मे मध्ये हा नियम फार जड गेला, कारण उन्हापेक्षा अंधार बरा वाटतो. पण उन्हावर पाणी आणि सावली हा उपाय आहे. ड्रायव्हरला आपण दिसलोच नाही, तर त्यावर उपाय नाही. दुसरा नियम, दिसायचं. माझं डोकं गाडीच्या खिडकीच्या खाली येतं, आणि ट्रक-बसच्या ड्रायव्हरला तर मी दिसतच नाही. म्हणून मागे सहा फुटी लवचीक काठीवर भगवी पताका लावली आहे, दिवसाही लाल दिवा लुकलुकतो, दोन्ही बाजूंना आरसे आहेत. वारीत पताका भक्तीची असते. माझी भक्तीची आहे आणि जीव वाचवण्याचीही आहे. तिसरा, सिग्नलला ट्रक-बसच्या डाव्या कुशीत कधीही शिरायचं नाही. चौथा, पाम बीच रोडवर सराव नाही. सेक्टरमधल्या रस्त्यांवर फेऱ्या वाढवायच्या. कंटाळा येतो, येऊ दे.

पाचवा नियम ग्रुपचा. माझी सायकल सपाटीला आणि उताराला इतरांपेक्षा पळते, चढाला सर्वांत मागे पडते. असा माणूस ग्रुपमध्ये असला की माळेचे मणी सुटतात. म्हणून ठरवलं, की सपाटीला आणि उताराला मी शेवटून दुसरा, कोणालाही ओलांडायचं नाही. चढाला एक जण माझ्यासोबत थांबेल, बाकीचे वर जाऊन वाट बघतील. ही सोबतीची पाळी रोज बदलेल, म्हणजे भार एकावर पडणार नाही. दिंडीत टाळकरी, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माऊली, सगळे एका चालीने जातात. सर्वांत सावकाश चालणारा जिथे असतो तिथवरच दिंडी पोचलेली असते, असं आम्ही धरून चालतो.

सहावा नियम मीच घालून घेतला. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. तसं माझं पुढे जाणंही दोन किल्ल्यांचं आहे. मला पुढे जावंसं वाटणं ही एक किल्ली. दुसरी ग्रुपच्या प्रमुखाकडे, ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत. चक्कर, छातीत जडपणा, किंवा ११ वाजेपर्यंत खंडाळा गाठलं नाही, यातलं काहीही झालं तरी मागच्या टेम्पोत सायकल आणि मी दोघे चढणार. तिथे वाद घालायचा नाही, असं मी लेखी दिलंय आणि सौ.ने साक्षीदार म्हणून सही केली आहे. ती सही झाल्यापासून घरात सायकल या विषयावर शांतता आहे.

हे कमीपणाचं आहे का? नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांनी पाळीपाळीने सायकल चालवली, आणि मागे गाडी, मदतनीस, जेवण, वेळापत्रक सांभाळणारी माणसं होती. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली, पण त्यांच्याही पाठीशी चमू होताच. इतक्या मोठ्या लोकांना माणसं लागतात, तर नेरूळच्या निवृत्त अधिकाऱ्याने एकट्याचा हट्ट का धरावा?

शेवटी सभासद म्हणून दोन मागण्या. मागच्या वार्षिक सभेत सायकल स्टँडच्या जागी दोन चारचाकींचं पार्किंग करण्याचा विषय आला होता आणि निर्णय पुढे गेला. पार्किंगच्या प्रतीक्षायादीत ११ सभासद आहेत, त्यांची अडचण खरी आहे. पण स्टँडवरच्या सायकली मी मोजल्या. ४३ आहेत, त्यातल्या १९ गंजून पडल्या आहेत आणि त्यांना मालक नाही. नोटीस लावा, महिनाभर वाट बघा, मग त्या दुरुस्त करून गरजूंना द्या किंवा भंगारात काढा. जागा आपोआप मोकळी होईल. त्यातली काही पार्किंगला घ्या, पण स्टँड राहू द्या. स्टँड गेला तर सायकली जिन्याखाली जातात, आणि जिन्याखालची सायकल कोणी बाहेर काढत नाही.

दुसरी मागणी, दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ आपला आतला रस्ता गाड्यांना बंद ठेवावा. रुग्ण आणि अडचणीच्या वेळी अर्थातच खुला. त्या दीड तासात मुलं सायकल शिकतील, आणि ज्यांना गुडघ्यांमुळे, मानेमुळे, भीतीमुळे बाहेर जाता येत नाही, असे ज्येष्ठ चार फेऱ्या मारतील. माझी आरामखुर्ची त्या वेळी सर्वांसाठी खाली उभी असेल. ज्याला बसून बघायचं त्याने बघावं, अगदी साडी नेसूनसुद्धा जमतं, फक्त पदर आणि निऱ्या चेनपासून दूर ठेवायच्या.

पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेतला तेव्हा आपण बहुतेक जण पन्नाशीच्या आतबाहेर होतो. इमारतीला आपण प्लास्टर केलं, रंग दिला, टाकीला वॉटरप्रूफिंग केलं. आता राहणाऱ्यांच्या डागडुजीचाही थोडा विचार करू.

कार्तिकीला पोचलो तर प्रसाद सर्वांच्या घरी येईल. टेम्पोतून पोचलो तरी येईल.

रामकृष्ण हरी.