शेवाळाची ढाल किती खरी?



1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीन औषध म्हणूनच दिले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले आणि रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीतला गलथानपणा चव्हाट्यावर आणला, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. रसायन मूत्रपिंडाला कसे गाठते, याचा महाराष्ट्रातला याहून कडू दाखला मला माहीत नाही.

मूत्रपिंडच का सापडते? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा बारीक नलिकांच्या पेशी परत ओढून घेतात. या पेशी प्राणवायू भरपूर जाळतात, आणि काही औषधेही आत ओढून साठवतात. कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन आणि जंतुसंसर्गावरचे जेंटामायसिन इथेच घात करतात. पेशीत प्राणवायूचे उपद्रवी रेणू मोकाट सुटतात, पेशीचे आवरण कुरतडतात, आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनिन रक्तात चढू लागते.

या मोकाट रेणूंना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट. आपल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी स्पिरुलिना त्यांनी भरलेली असते. तिचा निळा रंग, फायकोसायनिन, हा त्यातला मुख्य. (शास्त्रज्ञ स्पिरुलिनाला जिवाणूंत मोजतात. आपण आज शेवाळच म्हणू.) 2006 मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांना आठ दिवस स्पिरुलिना दिली आणि चौथ्या दिवशी सिस्प्लॅटिन टोचले. नुसते सिस्प्लॅटिन टोचलेल्या उंदरांपेक्षा यांची मूत्रपिंडे पुष्कळ शाबूत राहिली. शिवाय काचपात्रातल्या कर्करोगाच्या पेशी मारण्याची सिस्प्लॅटिनची ताकद स्पिरुलिनामुळे कमी झाली नाही, आणि मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातही त्याच सुमारास जेंटामायसिनवर असाच अनुभव आला.

मग उद्यापासून गोळ्या सुरू करायच्या का? थांबा. उंदरांना ढाल आधी मिळाली, वार नंतर झाला. आपला रुग्ण येतो तो वार होऊन गेल्यावर, पाय सुजल्यावर. मात्राही बघा: वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने 60 ग्रॅम. उंदराची मात्रा माणसाला लावण्याच्या रूढ सूत्राने सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या वीस गोळ्या. आणि विषाविषात फरक असतो. डायएथिलीन ग्लायकॉल पोटात गेल्यावर डायलिसिस लागते, उतारा लागतो. तिथे शेवाळाच्या भरवशावर बसणे म्हणजे वेळ घालवणे. ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे, त्याने तर निम्म्याहून अधिक प्रथिने असलेली ही भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडातही घालू नये. ‘किडनी साफ करते’ असे डब्यावर छापणाऱ्याला उंदरांचा हा प्रयोग दाखवता येईल, माणसांवरचा तेवढा भक्कम पुरावा दाखवता येणार नाही.

सिस्प्लॅटिन देताना डॉक्टर आजही आधी शिरेतून सलाइन सोडतात. मूत्रपिंडाची अशी पहिली राखण पाण्याने होते, आणि हे जामखेडला मी नव्याने सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे काम सुरू केले, गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजायला या बायांनी घरोघरी शिकवले, तेव्हा जिवाबरोबर मूत्रपिंडेही वाचली.

आज या भागातला धोका वेगळा आहे. ऊसतोडीला गेलेले जोडपे उन्हात घाम गाळते, पाणी कमी पिते आणि कंबर धरली की डायक्लोफिनॅकची गोळी घेते. शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य धावून येते. दुखण्याची गोळी नेमके तेच द्रव्य अडवते. एखादी गोळी पचून जाते. रोजची गोळी आणि रोजची तहान एकत्र आली की घात होतो.

शेवाळावरचे संशोधन पुढे जावे, माणसांवरच्या नीट चाचण्या व्हाव्यात, त्यात लोणारचेही नाव यावे. तोवर इथे बसलेल्या मुकादमांना माझी विनंती आहे: यंदा फडावर पिण्याच्या पाण्याची सोय आधी करा, आणि जे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, रोज गोळी घेतात त्यांचे क्रिएटिनिन गाव सोडण्यापूर्वी तपासून घ्या.