इवलासा सुटा भाग



भिलाईत घडणाऱ्या रुळावर हीट नंबर उमटवलेला असतो. रूळ पुढे कोठेही तडकला, तरी त्याचे पोलाद कोणत्या हीटचे, याचा माग काढता येतो. रसमड्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचा व्यवहार करणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. याच परिसरातील घरांतून संगणकक्षेत्रात गेलेली मुले-मुली मात्र अनेकदा नंबर न पाहताच सुटे भाग उचलतात.

हजेरीपटातून दहावीची मुले वेगळी काढणे, गुणांची टक्केवारी करणे, तुकडीवार गट पाडणे, ही याद्यांची कामे प्रत्येक आज्ञावलीत असतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी तयार पॅकेजे फुकट मिळतात. २००९ सालचे अंडरस्कोअर आणि २०१२ सालचे लोडॅश ही त्यांतली नामांकित.

२०१८ च्या सप्टेंबरात इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजात फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे चिमुकले पॅकेज जोडले गेले. मूळ कर्ता ते स्वतः वापरेनासा झाला होता. सांभाळण्याची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ते सोपवले. विनामोबदला राबणाऱ्याला दोष तरी किती द्यावा? त्या चिमुकल्या पॅकेजात कोपे या बिटकॉइन-पाकिटातून चोरी करण्याची आज्ञा दडवलेली होती. ती उघडकीस येण्यास नोव्हेंबर उजाडला. तोवर ते लाखो वेळा उतरवून घेतले गेले होते.

म्हणून पहिला प्रश्न, पॅकेज हवेच कशाला? यादी गाळणे आणि यादीतील प्रत्येक नोंद बदलणे ही सोय २००९ च्या प्रमाणकापासून भाषेतच आहे. गट पाडण्याची सोय २०२४ च्या प्रमाणकात आली. तीन ओळींच्या कामासाठी परक्याचा माल घरात घेणे हा निव्वळ आळस होय.

सारेच स्वतः लिहावे, असा हट्टही बरा नव्हे. एकात एक गुंतलेल्या दोन याद्यांची तुलना करताना भलेभले चुकतात. तेथे लोडॅश घ्यावे. त्यातही २०१९ मध्ये गंभीर दोष सापडला होता, पण पाहणारे डोळे अनेक असल्याने तो दुरुस्त झाला. पॅकेज कोण सांभाळतो आणि ते आणखी कोणाकोणावर विसंबते, हे पाहूनच निवड करावी.

घेतलेल्या प्रत्येक पॅकेजाची आवृत्ती आणि त्याच्या आशयावरून काढलेली खूण लॉक फाइलमध्ये नोंदली जाते. एक अक्षर बदलले, तरी खूण जुळत नाही. हीट नंबरच्या सर्वांत जवळ जाणारी सोय हीच. मात्र पहिल्या दिवशी घेतलेला माल निर्मळ होता की नाही, हे ती सांगत नाही.