काटा खाली येतो तेव्हा



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने इंजिनातील तेलावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज आमच्या संघटनेत असे शेकडो तरुण आहेत, की ज्यांचा कारखाना म्हणजे त्यांची मोटारसायकल. ती एक दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर त्या दिवसाची चूल अडते. म्हणून त्या यंत्राचे बोलणे समजून घेणे हा आम्ही भाकरीचाच प्रश्न मानतो.

ज्यांच्या गाडीला तेलाच्या दाबाचा काटा आहे, त्यांची तक्रार अशी : पहाटे गाडी सुरू करताच काटा चांगला वर उभा राहतो. तासभर शहरातून फिरून सिग्नलला थांबले, की तोच काटा तळाशी येऊन बसतो. कुणी म्हणतो, पंप गेला. कुणी म्हणतो, इंजिन खोलावे लागेल. यातले खरे काय?

प्रथम दाब येतो कुठून ते पाहू. तेलाचा पंप दाब निर्माण करीत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठराविक माप तेल पुढे ढकलतो, एवढेच. त्या तेलाला बारीक छिद्रांतून आणि बेअरिंगच्या फटींतून वाट काढताना जो अडथळा होतो, त्यातून दाब उभा राहतो. अडथळा दोन गोष्टींवर अवलंबून : वाट किती अरुंद, आणि तेल किती दाट.

थंडीतली काकवी तांब्यातून पडता पडत नाही. तीच चुलीपाशी ठेवली की धार लागते. तेलाचेही तसेच. डब्यावर २०डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे. पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा, दुसरा १०० अंश सेल्सियसवरील दाटपणाचा. अशा तेलाचा दाटपणा ४० अंशांवर साधारण १५० ते १७० सेंटिस्टोक्स असतो. १०० अंशांवर तो १७ ते २० वर येतो. म्हणजे तेच तेल आठ-नऊ पट पातळ होते. मग काटा खाली येणार नाही तर काय होईल?

त्यात सिग्नलला आणखी एक गोष्ट घडते. इंजिनाचे फेरे कमी होतात, म्हणून पंपही कमी तेल ढकलतो. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या गाडीत वारा मिळत नाही, आणि तेल आणखी तापते. पातळ तेल आणि मंद पंप, अशी दोन्ही कारणे एकाच वेळी येतात. गाडी पुढे निघाली आणि काटा पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी चढला, तर पंपाला उगाच दोष देऊ नये.

उलट, पहाटेच्या उंच काट्यावर हुरळून जाऊ नये. दाट तेलामुळे दाब मर्यादेबाहेर गेला, की मिस्त्री जिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात ती झडप उघडते आणि काही तेल बेअरिंगपर्यंत न जाताच माघारी फिरते. काटा वर असतो, पण तेलाची चाल मंद असते. म्हणून गार इंजिनाला सुरुवातीलाच जोराची पिळवणूक करू नये. पहिली काही मिनिटे सावकाश चालवावी.

मग एवढ्या थोड्या दाबावर क्रँक तरतो कसा? याचे उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांच्या प्रयोगात सापडले. रेल्वेच्या बेअरिंगला त्यांनी वरून भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड, आणि तेथे लावलेला काटा २०० च्या पुढे गेला! फिरणारा दांडा स्वतःच तेल फटीत ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. सपाट बेअरिंगमध्ये भार तोलणारा दाब हा. पंपाचे काम तेथे तेल कमी पडू न देण्याचे.

म्हणून खऱ्या दुखण्याची परीक्षा अशी करावी. इंजिन पुरते तापलेले असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर, सांगितलेल्याच तेलावर दाब मोजावा. तो पुस्तकातील आकड्यापेक्षा कमी भरला, किंवा महिनोन्‌महिने त्याच परिस्थितीत उतरत गेला, तर तेलाची पातळी, जाळी, झडप, पंप आणि बेअरिंगची झीज क्रमाने तपासावी. आणि चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या ऑर्डरचा विचार न करता इंजिन ताबडतोब बंद करावे.

काही जण काटा वर यावा म्हणून जास्त दाट तेल भरतात. हा थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरवण्याचा प्रकार झाला. काटा चढतो, झीज तशीच राहते, आणि थंडीत तेल आणखी उशिरा पोचते. मोटारीचे तेल घालू नये, हेही सांगतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो.

आमच्या बहुसंख्य सभासदांच्या गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. त्यांना सहसा ना काटा, ना दिवा. त्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बहुधा रोलर बेअरिंग असल्याने थोड्या दाबावर भागते. पण पोटात तेल असते जेमतेम लिटरभर. त्यातले पावशेर जळून गेले तरी कुणी ओरडून सांगत नाही. त्यांचा काटा म्हणजे तेलाची पट्टी. आठवड्यातून एकदा, सपाट जमिनीवर गाडी सरळ उभी करून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती पाहावी. यास पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही एक गोष्ट शिकलो. महागाई न पाहता नुसता पगाराचा आकडा ऐकून कामगाराची स्थिती कळत नाही. तसेच तेल किती तापले आणि इंजिन किती फिरते आहे, हे न विचारता नुसता काटा पाहून इंजिनाची प्रकृती कळत नाही. हे दोन प्रश्न मिस्त्रीला विचारण्याइतके ज्ञान प्रत्येक कामगाराच्या खिशात असावे. मग विनाकारण इंजिन खोलले जाणार नाही, आणि खोलण्याची खरी वेळ आली तर ती चुकणारही नाही.