हलकी रायफल : तिची निवड आणि घडण

शिकारीची रायफल दिवसभर वाहावी लागते आणि क्षणभर चालवावी लागते. पहाटे मुक्काम सोडून डोंगर चढूं लागलेला शिकारी संध्याकाळीं परत येईपर्यंत आठ-दहा तास ती खांद्यावर किंवा हातांत वागवितो. तिचा बार मात्र दिवसांतून एकदां होतो, आणि पुष्कळ दिवस एकदांही होत नाहीं. म्हणून ती हलकी असावी ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. परंतु ज्या एका क्षणासाठीं ती दिवसभर वाहिली, त्या क्षणीं तिचें वजन कमी असणें सोयीचेंच ठरतें असें नाहीं. वाहणाऱ्याची सोय एक आणि नेम धरणाऱ्याची सोय दुसरी. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच हलक्या रायफलीच्या निवडीचा आणि घडणीचा मुख्य प्रश्न आहे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि पुढें १९९१ सालच्या दुरुस्तीनें हौसेची शिकार बंद झाली. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत, स्कॉटलंडच्या डोंगराळ माळांवर किंवा न्यूझीलंडमध्यें ती परवान्यानें व नियमांनीं बांधलेली अशी आजही चालते, आणि ह्या रायफलीचें शास्त्रही आज तेथेंच वाढत आहे. तथापि हलकेपणाचें मोल काय, हें सांगणारी सर्वांत बोलकी गोष्ट कुमाऊंच्या डोंगरांत घडलेली आहे.

१९३० सालच्या एप्रिल महिन्याची ११ तारीख. चौगढची नरभक्षक वाघीण शोधीत जिम कॉर्बेट एका कोरड्या नाल्यांत उतरले होते. ह्या वाघिणीनें चौसष्ट माणसांचे बळी घेतले होते. कॉर्बेट यांना पक्ष्यांच्या अंड्यांचा छंद. वाटेंत रातवा पक्ष्याचीं दोन अंडीं सांपडलीं, तीं त्यांनीं डाव्या हातांत जपून धरलीं होतीं. उजव्या हातांत रायफल होती. एका मोठ्या खडकाला वळसा घालून ते पुढें झाले, आणि सहज मागें वळून पाहातात तों वाघीण समोर, अवघ्या आठ फुटांवर, दबा धरून बसलेली! रायफलीचें तोंड भलत्याच दिशेला होतें. वाघिणीवर रोखण्यासाठीं तें पाऊण वर्तुळ फिरविणें भाग होतें, आणि तेंही इतक्या सावकाश कीं, तिला हालचालीचा संशय येऊं नये. कॉर्बेट यांनीं एकाच हातानें ती रायफल फिरविली आणि एकाच हातानें बार केला. वाघीण जागच्या जागीं संपली. पुढें १९४४ सालीं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ ह्या पुस्तकांत ही हकीकत लिहितांना, अडचणीच्या वाटणाऱ्या ज्या गोष्टी त्या वेळीं उपकारक ठरल्या त्यांत त्यांनीं रायफलीच्या हलकेपणाची आवर्जून गणना केली आहे. हातांत जड दुनळी असती, तर ती एका हातानें तशी फिरवितां आली नसती.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही त्याच पुस्तकांत आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं चंपावतची वाघीण मारली. तिनें नेपाळांत आणि कुमाऊंत मिळून चारशें छत्तीस माणसें मारल्याची नोंद आहे. मेल्यावर तिचा जबडा तपासला तेव्हां उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. खालचा तर पार हाडापर्यंत गेला होता. ही इजा बंदुकीच्या गोळीची होती, आणि तिच्यामुळेंच नेहमींचें भक्ष्य मारणें अशक्य होऊन ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष आहे. कोणा एका शिकाऱ्याचा नेम चुकला. जनावर मेलें नाहीं, जायबंदी होऊन निसटलें. आणि त्या चुकीची किंमत ज्यांनीं कधीं बंदूक हातीं धरली नव्हती अशा गवत कापणाऱ्या, लाकूडफांटा गोळा करणाऱ्या बायामाणसांनीं भरली. रायफल निवडतांना वजनाचा कांटा पाहाण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जी रायफल नेमक्या जागीं गोळी घालूं देत नाहीं, ती कितीही हलकी असली तरी वाईटच.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट दिली. तिचें काडतूस म्हणजे जर्मनीच्या मौझर कारखान्याचें, गेल्या शतकापूर्वींच्या म्हणजे १८९० नंतरच्या दशकांत प्रसिद्धीस आलेलें सात मिलिमीटरचें काडतूस. रिग्बींनीं त्याला इंग्रजी मापाचें नांव दिलें इतकेंच. हलक्या रायफलीची निवड खरोखर काडतुसापासून सुरू होते, आणि हें काडतूस त्या बाबतींत आदर्शवत् मानलें जातें. दारू बेताची, गोळी लांबट व वजनदार, म्हणून ती खोल शिरते. आणि खांद्यावर बसणारा धक्का मध्यम बांध्याच्या माणसाला सहज सोसतो.

ह्याच काडतुसाची कीर्ति आफ्रिकेंत वॉल्टर बेल यांनीं गाजविली. १८८० सालीं जन्मलेल्या ह्या स्कॉटिश शिकाऱ्यानें हजारांवर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक ह्या लहान नळीच्या रायफलीनें. आजच्या वाचकाला त्या आंकड्याचें कौतुक वाटणार नाहीं, आणि वाटूंही नये. परंतु त्यामागील पद्धति समजून घेण्यासारखी आहे. बेल यांनीं मेलेल्या हत्तीचीं डोकीं करवतीनें उभीं चिरून मेंदू नेमका कोठें असतो, कोणत्या बाजूनें पाहिलें असतां तो कोणत्या रेषेंत येतो, ह्याचा बारकाईनें अभ्यास केला होता. त्यांच्या हलक्या रायफलीचें यश हें रायफलीचें कमी आणि ह्या ज्ञानाचें अधिक होतें. ज्यांनीं केवळ रायफल उचलली आणि अभ्यास सोडून दिला, त्यांच्या हातीं तीच रायफल धोक्याची ठरे. म्हणूनच आफ्रिकेंतील अनेक देशांनीं हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठीं .३७५ हें लहानांत लहान माप कायद्यानें ठरवून दिलें आहे. हलकी रायफल हरिण, सांबर, डोंगरी मेंढा अशा जनावरांसाठींच योग्य, ही मर्यादा प्रथमच मान्य करावी हें बरें.

काडतूस ठरलें म्हणजे वजनाचा हिशेब येतो. येथें निसर्गाचा नियम कोणालाही चुकवितां येत नाहीं. गोळी जितक्या वेगानें पुढें जाते, तितक्या प्रमाणांत रायफल मागें येते. आणि काडतूस तेंच ठेवून रायफल हलकी केली, तर धक्क्याची शक्ति त्याच प्रमाणांत वाढते. आठ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली कीं धक्का एक तृतीयांशानें वाढला असें समजावें. धक्क्यानें खांदा दुखतो ही गोष्ट किरकोळ आहे. खरी हानि निराळीच होते. दोन-चार वेळां जोराचा धक्का बसला म्हणजे चाप ओढण्यापूर्वींच डोळा मिटूं लागतो, खांदा आंखडतो, आणि नेम जातो. ही संवय नकळत जडते व मोठ्या कष्टानें सुटते. म्हणून ज्याला हलकी रायफल हवी, त्यानें सौम्य काडतूस घ्यावें; ज्याला जबरदस्त काडतूस हवें, त्यानें वजन सोसावें. दोन्ही एकदम मागणारा मनुष्य बहुधा दोन्हीला मुकतो.

वजन कमी करावयाचें तर कोठून? नळी, कुंदा, यंत्रभाग आणि दुर्बीण अशीं चार ठिकाणें आहेत. नळी सव्वीस इंचांची बावीस केली आणि तिची जाडी उतरविली, तर हलकेपणा ताबडतोब जाणवतो. त्याच्या मोबदल्यांत गोळीचा वेग दर इंचामागें सेकंदाला सुमारें पंचवीस फूट कमी होतो, आणि आवाज वाढतो. बारीक नळी लवकर तापते व तापली म्हणजे तिच्या गोळ्या जागा सोडूं लागतात; पण शिकारींत थंड नळींतून सुटणारी पहिली गोळीच महत्त्वाची, त्यामुळें हा दोष चांदमारीवर जितका बोंचतो तितका डोंगरांत बोंचत नाहीं. नळी फारच बारीक केली तर मात्र रायफल तोंडाशीं हलकी होते, आणि धापा टाकणाऱ्या शिकाऱ्याच्या हातांत श्वासाबरोबर, नाडीबरोबर हेलकावूं लागते. नळीकडे थोडें वजन राखणें हें जाणत्या कारागिराचें लक्षण आहे.

यंत्रभागांतील काटकसरीचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीनें १९५२ सालीं काढलेली ‘फेदरवेट’ रायफल. चापाचें कडें व मॅगझिनचा तळ ॲल्युमिनियमचा, नळी बावीस इंचांची. एवढ्या युक्तीनें तिचें वजन साडेसहा पौंडांच्या आसपास आलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत वेस्ट व्हर्जिनियांतील मेल्व्हिन फोर्ब्स यांनीं निराळी वाट धरली. जुनी रायफल तासून हलकी करण्याऐवजीं त्यांनीं सगळी रायफलच नव्यानें आंखली. यंत्रभाग अवघा वीस औंसांचा केला, आणि अक्रोडाच्या लाकडाऐवजीं केव्हलार व कार्बनच्या तंतूंचा कुंदा बसविला. लाकडी कुंदा दोन-अडीच पौंडांचा भरतो; हा पौंडाच्या घरांत. शिवाय पावसानें लाकूड फुगतें, नळीला एका बाजूनें रेटा देतें, आणि काल बरोबर बसणारी गोळी आज चार बोटें दूर जाते. ही भीति ह्या कुंद्याला नाहीं. जिकडे धुकें, बर्फ आणि पाऊस नित्याचा, तिकडे हा गुण वजनाच्या बचतीपेक्षांही मोलाचा आहे.

दुर्बिणीच्या बाबतींत मात्र पुष्कळ लोक कमावलेलें घालवितात. पैसे मोजून रायफल एक पौंडानें हलकी करावी आणि तिच्यावर दीड पौंडाची भलीथोरली दुर्बीण चढवावी, हें व्यवहारज्ञान नव्हे. डोंगरी शिकारीवर लिहिणारे नामांकित अमेरिकन लेखक जॅक ओकॉनर यांनीं आपल्या आवडत्या .२७० च्या रायफलीवर चौपट दाखविणारी साधी दुर्बीण ठेवली होती, आणि त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

ओकॉनर यांच्या त्या रायफलीची दुसरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती मूळची कारखान्यांतलीच फेदरवेट. परंतु स्पोकेन गांवच्या अल बीसेन ह्या कारागिराकडून त्यांनीं तिला आपल्या अंगाबेताचा अक्रोडी कुंदा करून घेतला. शिंप्यानें माप घेऊन अंगरखा शिवावा, तसाच हा प्रकार आहे. कुंदा फार लांब असला तर जाड कपड्यांवर तो कांखेंत अडकतो. फार आंखूड असला तर बार होतांना दुर्बिणीची कड भिवईवर आदळते. साडेतेरा इंचांच्या आसपासची लांबी बहुतेकांना चालते, पण उंचापुऱ्या पुरुषाचें व लहान चणीच्या स्त्रीचें माप एक असूं शकत नाहीं. गाल ठेवावयाची कड अशी हवी कीं, रायफल खांद्याला लागतांच डोळा आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर यावा. मान ताणून शोधावा लागूं नये. चाप तीन-चार पौंडांच्या ओढीनें, न खरखरतां सुटावा. तो जड असला तर हलकी रायफल ओढीबरोबर हलते, आणि फार नाजूक असला तर गारठलेल्या बोटाखालीं अवेळीं सुटतो. यंत्रभाग कुंद्यांत घट्ट व सर्वत्र सारखा टेकलेला असावा. टोंकाला रबराची गादी बसविली तर दोन-चार औंस वाढतात, पण ते वाया गेले असें कोणी म्हणणार नाहीं. वजन वाढविणारें हें एकच काम असें आहे कीं, ज्यामुळें हलकी रायफल अधिक हलकी भासते.

ही सर्व घडण पुरी झाली, म्हणजे शेवटची परीक्षा उरते, आणि ती रायफलीपेक्षां माणसाची अधिक आहे. टेबलावर वाळूच्या पिशव्यांत रायफल टेकवून एका रुपयाएवढ्या जागेंत तीन गोळ्या घालणें हें कारागिराचें काम दाखवितें. बसून, गुडघा टेकून, खांद्याचा पट्टा दंडाला ताणून, चढण चढल्यावर लागलेल्या धापेंत त्याच गोळ्या कोठें जातात, हें शिकाऱ्याचें काम दाखवितें. ज्या अंतरावर त्या अवस्थेंत प्रत्येक गोळी तळहाताएवढ्या जागेंत बसते, तें त्याचें अंतर. त्यापलीकडचें जनावर कितीही देखणें असलें तरी त्यावर बार करूं नये.

चंपावतच्या वाघिणीवर पहिली गोळी कोणीं झाडली, त्याचें नांव कोठेंही नोंदलेलें नाहीं. त्याच्या हातांतली बंदूक हलकी होती कीं जड, हें आज महत्त्वाचेंही नाहीं. चौगढच्या नाल्यांत रायफलीचा हलकेपणा उपयोगी पडला, कारण तो पन्नाशी उलटलेल्या एका सावध माणसाच्या सरावलेल्या हातीं होता, आणि घाई न करण्याचें शहाणपण त्याच्याजवळ होतें. पौंड आणि औंस कारागिराकडून कमी करून मिळतात. चाप न ओढण्याचा संयम मात्र ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो.